विकणे आहे : शिडाची होडी, ट्रेलरसह

विकणे आहे. शिडाची छोटी होडी, फायबरची. सोबत ट्रेलर, दोन शिडं, डोलकाठी, सुकाणू, नांगर, दोर, लाइफ जॅकेट. स्थिती उत्तम. चौघांना पुरेशी.

शेवटचं वाक्य मी खोडलं. तिघांना, असं लिहिलं.

मी वसमतच्या एका ज्युनियर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो. होडी माझ्या धाकट्या भावाची, अपूर्वची. गोव्यात पर्यटकांना फिरवायचं काम सोडून तो घरी परतला, तेव्हा ही भाड्याच्या गाडीमागं बांधूनच आला. अंगणात वाळत घातलेल्या हळदीशेजारी ती उभी राहिली, तेव्हा अर्धी गल्ली जमली होती.

"उद्धव सर, जहाज तर आणलं. समुद्र कवा येऊन राहिला?"

समुद्र नव्हता, पण सिद्धेश्वरचं धरण होतं. रविवारी आम्ही जायचो : अपूर्व, मी आणि त्याचा शाळेपासूनचा मित्र फुलसिंग. ट्रेलर फुलसिंगची जीप ओढायची.

म्हणजे तिघं. आमच्याकडं तिघं मिळून निघत नाहीत. निघावंच लागलं तर चौथा म्हणून एक दगड सोबत घेतात आणि काम झालं की टाकून देतात. आईनं पहिल्याच दिवशी एक काळा दगड होडीत ठेवला. आम्ही तो टाकला नाही. वारा वाढला की होडी कलते, तेव्हा उलट बाजूला वजन लागतं. दगड त्या कामी आला. पुढं अपूर्वनं त्याला लाइफ जॅकेट घातलं.

"पाहुणे, सरका जरा," तो म्हणायचा. फुलसिंग त्या दगडापुढं तंबाखूचा हात करायचा.

होळीनंतरच्या रविवारी वाऱ्याचा एक झोत आला. होडी आडवी होता होता वाचली. शीड माझ्या तोंडावर आलं. काहीतरी जड पाण्यात पडल्याचा आवाज झाला.

शीड बाजूला केलं. अपूर्व आपल्या जागी बसला होता. अंगावर पाण्याचा थेंब नाही.

दगड नव्हता.

"पाहुणे गेले!" फुलसिंग हसला. मीही हसलो. अपूर्व हसला नाही.

स्थिती उत्तम. हंगाम ऐन भरात असताना, केवळ घरगुती अडचणीमुळे...

अडचण काय, ते जाहिरातीत लिहिता येत नाही. अपूर्व बोलेनासा झाला. आधी जेवतानाही त्याचं तोंड बंद नसे. आता विचारलं तर "व्हय". बसवला तिथं बसायचा. ऊन अंगावर आलं तरी सरकायचा नाही. नांदेडच्या डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या. सगळं व्यवस्थित. नाडी जरा मंद, इतकंच.

"भाऊजी," त्याची बायको नीलांबरी एकदा मला म्हणाली, "यांचं अंग दिवसभर तापतं अन् मग कितीतरी वेळ तापलेलंच राहतं. माणसाचं असं व्हतं का?"

मी काहीतरी शास्त्रीय सांगितलं.

"ते मला कळत न्हाई. ती होडी काढा आधी. तिनंच यांचं चित्त नेलंय. मला माझा माणूस परत पायजे."

मलाही माझा भाऊ हवा होता. म्हणून मी जाहिरात टाकली.

ट्रेलरचे स्प्रिंग नवे आहेत.

हे मी लिहिलं, पण स्प्रिंग दबलेले होते. एका बाजूचे. होडीत काही नव्हतं. मी आत उतरून हात फिरवून पाहिला. सुकाणूजवळची अपूर्वची नेहमीची बैठक ओली होती. वर ताडपत्री, बाहेर एप्रिलचं ऊन. मी ती पुसली. वर्गावर जाऊन आलो, तर पुन्हा ओली. दव असेल, असं मी ठरवलं. दव दुपारी पडत नाही, हे मी मुलांना शिकवतो.

कळमनुरीकडचे तातेराव गिऱ्हाईक म्हणून आले. त्यांना इसापूरच्या धरणावर पाहुणेमंडळी फिरवायची होती. दाखवायला आम्ही होडी सिद्धेश्वरला नेली. अपूर्व आला नाही. फुलसिंगनं काठावरचा एक दगड उचलला.

"टाक तो," मी म्हणालो.

"सर, आपुन तिघंच हाव."

"टाक."

तातेराव उजवीकडं, आम्ही दोघंही उजवीकडं. तरी होडी कलली नाही, सरळ चालली.

फुलसिंगनं माझ्याकडं पाहिलं. मी पाण्याकडं.

झोत आला. तो यायच्या आधीच सुकाणू वळलं होतं. कोणाचाच हात त्यावर नव्हता.

"वा!" तातेराव म्हणाले. "ही तर आपोआप चालून राहिली."

नवशिक्यालाही जमेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी तातेरावांनी ट्रेलर आपल्या पिकअपला जोडला. "आत काही राह्यलं का सर? वढायला जड लागून राहिली." काही नाही, मी म्हणालो. अपूर्व भिंतीकडं तोंड करून उभा होता. गाडी कोपऱ्यावर वळली. फुलसिंग एकदम तिच्यामागं चार पावलं धावला आणि थांबला.

"काय रे?"

"काय न्हाई. कोणीतरी हाक मारल्यावानी वाटलं."

विकली गेली आहे. कृपया फोन करू नयेत.

फोन आला. दुपारी, जेवणाच्या वेळेला. मी आणि अपूर्व पाटावर, नीलांबरी वाढत होती. होडी गेल्याचा आनंद तिच्या चेहऱ्यावर दिसत होता.

"सर, पाण्यात टाकली. झकास!" मागं वारा होता. "तुमच्या भावानं बराबर समजावून सांगितलं. माणूस लय बोलका."

"कोण भाऊ?"

"अपूर्वदादा. काहून, तुमीच धाडले ना? आमी पोचलो तर आधीच होडीत बसलेले. जेवायला चला म्हणलं तर उतरत न्हाईत. थांबा, देतो."

वारा. शिडाची फडफड.

"दादा?"

मी फोन कानाशी घट्ट धरला.

"दादा, किती हाका मारल्या रे तुला. कोरडे कपडे घेऊन ये."

फोन बंद झाला.

समोर नीलांबरी त्याला भात वाढत होती. एक मूद. आणखी एक. भात ताटाबाहेर सांडू लागला.

"पुरे म्हणा की आता," ती हसत म्हणाली.

तो पुरे म्हणत नव्हता.