वैजूआत्याची चप्पल

चप्पल कधी रात्रीतून लहान होते का? चार्वीने विचार करकरून डोकं खाजवलं. सोमवारी वैजूआत्याच्या पायात हीच चप्पल सैल होती, पट्टा सारखा वर ओढावा लागत होता. आणि आज गुरुवारी बघावं, तर पाय आत शिरायलाच तयार नाही!

वैजूआत्या म्हणजे चार्वीच्या बाबांची आत्या. तिच्या कारखान्यातले उडदाचे पापड चांद्रतळावर राहणाऱ्या माणसांसाठी निवडले गेले होते. रविवारी पहिला डबा यानात चढणार होता आणि तो चढवायला आत्या स्वतः जाणार होती. पण तिची मूत्रपिंडं बरीच वर्षं आजारी होती. डॉक्टरांनी बजावलं होतं, "अंगातलं पाणी असंच वाढलं तर फुप्फुसात साठेल, धाप लागेल. मग रविवारी यान नाही, दवाखाना!"

"पाणी तर मी मोजूनच पिते," आत्या करवादली. "विचार त्या दीडशहाण्याला!"

दीडशहाणा म्हणजे थेंबू, घरातला यंत्रमानव.

"आत्या खरंच बोलतात," थेंबू म्हणाला. "पाणी ठरल्याइतकंच, ताटातलं मीठही बेताचं. तरी पैंजण सांगतंय, पाणी वाढलंय."

आत्याच्या पायातलं पैंजण अंगातून अगदी सौम्य वीज सोडायचं. अंगात पाणी जास्त असलं की वीज सहज वाहते, त्यावरून पाण्याचा अंदाज यायचा.

"मग एवढं पाणी येतं कुठून?" चार्वीने विचारलं.

"ते जात का नाही, असं विचार! मूत्रपिंडात लाखो नेफ्रॉन (रक्त गाळणाऱ्या बारीक गाळण्या) असतात. आत्यांच्या बऱ्याचशा निकामी झाल्यात, उरलेल्या दमल्यात. हृदय थकलं तरी पाणी साचतं, पण यांचं हृदय ठणठणीत आहे. अल्ब्युमिन (पाण्याला रक्तातच धरून ठेवणारं प्रथिन) लघवीवाटे निसटलं तरी सूज येते, पण तेही तपासणीत ठीक निघालं. गोळ्याही वेळेवर. आता उरतं सोडियम (मिठातला मुख्य घटक). निरोगी मूत्रपिंड जास्तीचं सोडियम बाहेर टाकतं. दमलेल्याला ते झेपत नाही. आणि सोडियम अंगात राहिलं, की पाण्यालाही धरून ठेवतं."

"अळणी खाऊन खाऊन जिभेचं लाकूड झालंय माझ्या, आणि हा म्हणे मीठ!" असं म्हणत आत्याने बाबांच्या मोठ्या सपाता पायात सरकवल्या आणि ती कारखान्यात निघाली. चार्वीही मागोमाग गेली.

कारखान्यात पीठ यंत्र मळत होतं, पण चव बघायचा मान आत्याचाच! चांद्रतळाच्या डब्याच्या घाईत या आठवड्यात गोळ्यांमागून गोळे निघत होते. पिठाचा नवा गोळा निघाला की आत्या एक लाटी तोडायची, तेलात बुडवायची आणि तोंडात टाकायची. "हं, जमलं." पुढचा गोळा, पुढची लाटी. चार्वीच्या तोंडाला पाणी सुटलं, आणि तेवढ्यात डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

"आत्या! या लाट्या थेंबूला सांगितल्यास?"

"लाटी काय सांगायची? ते काय खाणं आहे? चव बघणं ते!"

पापड लाटणाऱ्या बायका खुदखुदल्या.

"पण गिळतेस ना?"

आत्याने हातातली लाटी खाली ठेवली.

चार्वीने थेंबूला दारापाशी बोलावून लाट्यांचं सांगितलं. "आत्या, कारखान्यात पाय टाकायचा नाही असं तुम्हीच मला बजावलंत," तो म्हणाला. "मला फक्त ताट दिसतं. अहो आत्या, लाटीत मीठ आहे, वर पापडखार आहे, आणि पापडखारातही सोडियमच! चव बघता बघता जेवणापेक्षा जास्त सोडियम पोटात गेलं की!"

आत्याने पिठाचे हात पदराला पुसले. तिचे डोळे भरून आले. "या पापडाची चव माझ्या जिभेवर उभी आहे गं. तीच सोडली, तर माझं इथे काम काय?"

चार्वीला फार वाईट वाटलं. तिने आत्याचा सुजलेला हात धरला. "मी चाखते, तू शिकव."

"तू? काल आमटीत मीठ नव्हतं, तर तीन वाट्या प्यायलीस!" आत्या रडता रडता हसली. मग म्हणाली, "बरं, डोळे मीट. आधी मिरं झोंबेल, ते जाऊ दे. मीठ मागून येतं."

चार्वीने लाटी चघळली. वाट पाहिली. "आत्या, मागून काहीच नाही आलं."

पापड लाटणाऱ्या सुरेखाताईंनी तोच गोळा चाखला आणि म्हणाल्या, "खरंच मीठ कमी आहे! पोरगी आत्यावर गेलीय हो!"

थेंबूने डॉक्टरांना सगळं कळवलं. त्यांनी लाट्या बंद केल्या आणि पाणी बाहेर टाकणारी गोळीही बदलून दिली.

रविवारी सकाळी आत्याने चप्पल घातली आणि तिला पट्टा वर ओढावा लागला! चार्वीने घर डोक्यावर घेतलं.

"आजार गेला नाही हं," थेंबू म्हणाला, "पण पाणी हटलं. प्रयोगशाळेत पेशींपासून नवी मूत्रपिंडं वाढवायचे प्रयत्न चाललेत. वेळ लागेल."

"लागू दे. तोवर मी आहेत त्यांनाच सांभाळते," आत्या म्हणाली.

यानाच्या तळावर डबा बंद करण्याआधी तिथल्या अधिकाऱ्यांनी पापडाचा तुकडा अदबीने आत्यापुढे धरला. "शेवटची चव तुमचीच, वैजूताई."

आत्याचा हात सवयीने पुढे झाला. तुकडा ओठांपर्यंत गेला, आणि तिथून वळून चार्वीच्या तोंडात.

"सांग गं. मीठ?"

चार्वीने डोळे मिटले. मिरं झोंबलं. ते तिने जाऊ दिलं.

"आलं, आत्या. मागून आलं."

"लावा झाकण," आत्या म्हणाली.