शोवा चौसष्ट, आठ जानेवारी

चाचणीच्या संगणकावर दोनशे चौदा नावं येत होती आणि खऱ्या संगणकावर दोनशे तेरा. जपानमधल्या तोयामाच्या किनाऱ्यावरच्या त्या नगरपालिकेत सकाळचे दहा वाजले होते, रॉकेलच्या हीटरचा वास दुसऱ्या मजल्यापर्यंत चढला होता आणि सुमिए हिरातेचा चहा केव्हाच गार झाला होता. गावातल्या एकट्या म्हाताऱ्यांकडे परिचारिका कधी जायची, हे उद्यापासून या यादीवर ठरणार होतं. गळलेलं नाव तिच्या वडिलांचं होतं. यादीत नाव नाही म्हणजे दारात कुणी नाही, आणि त्यांना तर इन्सुलिनच्या सिरिंजवरचे आकडेही दिसत नव्हते.

तारीख चुकीची, एवढंच संगणक सांगत होता. तिने नोंद उघडली. पुढची भेट: शोवा ६४, ८ जानेवारी.

"ओदासान, हे तुमचंच काम! सगळा देश नव्या सम्राटाच्या रेइवा सालांत आला, तुम्ही अजून जुन्या शोवातच."

निवृत्तीला टेकलेले ओदासान चष्मा कपाळावर ढकलत आले. "बोटांना सवय आहे हो. पण हे पाप माझं नाही. त्या चौसष्ट सालच्या सात जानेवारीला सम्राट गेले, शोवा संपलं. आठपासून नवं नाव, पुन्हा वर्ष पहिलं. शोवाची आठ तारीख उगवलीच नाही कधी."

चाचणीचा संगणक भोळा, त्याने मुकाट्याने १९८९ करून घेतलं होतं. खरा काही ऐकत नव्हता. सुमिएने येता गुरुवार घातला. दोनशे चौदा. हुश्श करून पुन्हा चालवून बघितलं.

दोनशे तेरा. तीच तारीख. आणि पुढे आता नवीनच काहीतरी: भेट झाली, १० वाजून ४० मिनिटं.

तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. दहा एक्केचाळीस. तिने वडिलांच्या घरी फोन लावला.

"बाबा, कुणी आलं होतं का?"

"आत्ताच गेली. गुणी पोर. टोचलेलं कळलंसुद्धा नाही."

"कोण? आज कुणाचीच पाळी नाहीये."

"ती गं, पांढऱ्या टोपीवाली. रोज येते. तुझ्यासारखी नाही, सणासुदीला उगवणारी!"

गावातल्या परिचारिकांनी टोप्या सोडून वीस वर्षं झाली होती.

"दार उघडू नका. मी निघाले."

गाडीने बारा मिनिटं. वडील कोतात्सूच्या गरम मेजाखाली पाय घालून संत्रं सोलत बसले होते. दंडावर कापसाचा बोळा, अजून ओला.

"चला बाबा, माझ्याकडे."

"कशाला? इथे सगळं वेळेवर होतं."

फोन वाजला. ओदासान.

"हिरातेसान, यादी परत अडकली. आता दोन नोंदी आहेत. दुसरी तुमची आहे. तुम्ही तर सेहेचाळीस वर्षांच्या. तुमचं नाव घातलं कुणी?"

तिने फोन खिशात टाकला. वडिलांना धरून उठवलं, त्यांच्या पायांत बूट सारले, दार सरकवलं.

समोरचं तांदळाचं दुकान उघडं होतं. ती पाचवीत असताना ते पाडलं होतं.

दुकानदार स्टुलावर उभा होता. झेंड्याच्या काठीवरचा सोनेरी गोळा तो सम्राटाच्या सुतकासाठी काळ्या कापडात गुंडाळत होता, सावकाश, एकही सुरकुती पडू न देता.