वहीतले एक्केचाळीस तास

पोलिसाने शिट्टी मारली आणि तिने घाबरून गाडी फुटपाथवर चढवली. एकच चाक, पण चढवली! आता आठ वर्षं गाडी चालवलेली मुलगी शिट्टीला घाबरेल का? पण मुलुख परका, भाषा अर्धीच कळणारी, आणि त्या हवालदाराच्या मिशा तर अशा की तमाशातसुद्धा पाहायला मिळायच्या नाहीत. घाबरली बिचारी.

मिशीवाल्याने तिचं घरून आणलेलं लायसन्स उलटंसुलटं करून पाहिलं. "परदेशी लायसन्स इथे एक वर्ष चालतं, मॅडम. तुमचं वर्ष संपून चार दिवस झाले. आता ही गाडी तुम्ही एक इंचही हलवायची नाही. इथलं लायसन्स असलेलं माणूस बोलवा."

गाडी मावशीची. मावशीला चालवता येत नाही, काका कामावर. तिने रस्त्यातच फोन लावला, "अगं मावशी, काय करू गं आता? मला सोडतच नाहीत हे!" आणि मागे अडकून पडलेल्या व्हॅनची काच खाली झाली.

"मावशींना कशाला धावपळ? मी आहे की."

मराठी! भर रस्त्यात, नाकाबंदीत, मराठी! तो खाली उतरला. निळा ओव्हरऑल, कोपरापर्यंत ग्रीस, आणि कपाळावर आलेले केस हातांनी मागे न सारता नुसते फुंकरीने उडवायची सवय. लिफ्ट दुरुस्त करायचं काम करतो म्हणाला. व्हॅन त्याचा जोडीदार घेऊन गेला आणि हा तिच्या गाडीत बसला. चाक फुटपाथवरून अलगद उतरवत त्याने विचारलं, "चालवत होतात, की ढकलत होतात?"

तिच्या जिभेवर उत्तर तयार होतं. वडिलांचा फर्निचर पोचवायचा टेम्पो तिने अठराव्या वर्षापासून बोळाबोळांतून काढलेला. पण तो हसत होता... आणि हसताना त्याच्या एकाच गालाला खळी पडत होती.

"नुकतीच शिकतेय," ती म्हणाली. हे खोटं कुठून आलं, तिलाच कळलं नाही.

ती फिजिओथेरपिस्ट. घरोघर जाऊन म्हाताऱ्या गुडघ्यांना चालतं करायचं हे तिचं काम, आणि गाडीशिवाय ते होणारं नव्हतं. दवाखान्याने तीन महिन्यांची मुदत दिली. तोवर बसने फिरा, नंतर लायसन्स दाखवा, नाहीतर जागा दुसऱ्याला. नियम असा होता की इथल्या लायसन्सवाल्या माणसाला शेजारी बसवून वीस तास चालवायचं, प्रत्येक तास वहीत लिहायचा, मग परीक्षा. वही शिकवणाऱ्याच्या ताब्यात. मावशीने लिफ्टवाल्याला घरी बोलावून, पोटभर खाऊ घालून, त्याच्यावर हे काम सोपवलं.

बुधवार आणि रविवार, संध्याकाळी दोनेक तास, त्याच्या छोट्या लाल गाडीत. दुसऱ्याच दिवशी 'तुम्ही'चं 'तू' झालं. ती मात्र 'अहो'वरच राहिली. तिला ते आवडायला लागलं होतं. चढावर ती मुद्दाम गाडी बंद पाडायची. मग तो म्हणायचा, "क्लच हळू सोड... हळू... कुणी झोपलंय त्याच्यावर, असं समज." गिअरवरच्या तिच्या हातावर त्याचा हात यायचा, आणि गाडी पुन्हा बंद पडायची. या वेळी अगदी खरोखर.

"तुला येईल ना गं कधी?"

"तुम्हाला घाई आहे का?"

"मला?" तो खिडकीबाहेर बघायचा. "मला कसली घाई..."

"अहो, तास झाले असतील ना पुरे?" तिने एकदा विचारलं.

"बघू. उतारावर अजून हात बसला नाही तुझा."

बोटांवर मोजायला तिलाही येत होतं. पण मोजायचं कुणाला होतं? मावशी मात्र भुवया उंचावून म्हणायची, "इतके आठवडे? विमान शिकतेस की काय?"

अकराव्या आठवड्यात, बुधवारी, त्याच नाक्यावर तोच मिशीवाला. त्याने तिच्याकडे पाहिलं, लिफ्टवाल्याकडे पाहिलं, आणि अगदी ओळखीचं हसला. "आज या मॅडम? गुरुवारच्या मॅडम छान चालवतात हं! झाली का त्यांची परीक्षा?"

झालं.

नाका मागे पडला. पहिला सिग्नलही गेला. दुसऱ्या सिग्नलला मात्र तिला राहवलं नाही. "कोण या गुरुवारच्या?"

"अगं, ती? दातांची डॉक्टर आहे. आपल्याकडचीच. तिचंही लायसन्स संपलं होतं."

"सांगितलं नाहीत कधी."

"त्यात काय सांगायचं?"

"नाही, खरंय. काय सांगायचं!" तिने गिअर असा टाकला की तो बिचारा कळवळला. गिअर म्हणतेय मी. "दिसायला कशी आहे?"

"चांगली आहे. म्हणजे... डॉक्टरसारखी."

"म्हणजे कशी?"

"हुशार आहे गं. आठ तासांत तिला रिव्हर्स पार्किंग जमलं."

आठ तासांत! हिला अकरा आठवड्यांत त्याने एकदाही रिव्हर्स घ्यायला लावलं नव्हतं. नुसतं तळ्याच्या कडेने सरळ जा, तळ्याच्या कडेने सरळ ये. म्हणजे आपल्याला ढ समजतो हा? की आपल्यावर मेहनत घ्यायची याला इच्छाच नाही? घरी जाऊन तिने मावशीशी भांडण काढलं, तेही टॉवेलवरून.

दुसऱ्या दिवशी ती एका आजींच्या घरी, तिसऱ्या मजल्यावर, त्यांचा गुडघा वाकवत होती. खिडकीखाली त्याचीच लाल गाडी येऊन थांबली. चालवणारी उतरली. आखूड केस, उंच, पांढराशुभ्र शर्ट. काहीतरी म्हणाली आणि हसली, मान मागे टाकून, सगळेच्या सगळे दात दाखवत. तोही हसला. आणि — हे तिने नीट पाहिलं — त्याने कपाळावरचे केस फुंकरीने उडवले. तिच्यासमोर!

"अगं बाई!" आजी किंचाळल्या. "गुडघा माझा आहे! कुणाचा राग काढतेस?"

"कुणाचा नाही, आजी."

"मग का गं डोळ्यांत पाणी?"

तिने पडदा ओढून घेतला. रात्रभर स्वतःला बजावलं की तो काही तुझ्या नावावर लिहून दिलेला नाही, त्याने तुला कधी शब्द दिलेला नाही, आणि दातांच्या डॉक्टरशी हसणं हा गुन्हा नाही. काही उपयोग झाला नाही. मत्सर इतका बेशरम असतो की समजूत घालायला गेलं की आणखी आत येऊन बसतो.

रविवारी ती गाडीत बसली ती ओठ घट्ट मिटूनच. तळ्याकडे वळायच्या जागी तिने गाडी जुन्या वस्तीतल्या अरुंद चढावर घातली.

"इकडे कुठे? हा रस्ता कठीण आहे."

"गुरुवारी येता का इकडे?"

"हे बघ —"

समोरून मालाचा ट्रक आला. दोन्ही बाजूंना गाड्या लावलेल्या, मध्ये जेमतेम एक वाट. ट्रकवाल्याने हॉर्न दाबून धरला. मागे जाण्यावाचून इलाज नव्हता; शंभर-दीडशे पावलांचा उतार, तोही वळणाचा.

"उतर," तो घाईने म्हणाला. "मी घेतो."

"बसा गप."

तिने मागे मान वळवली, एक हात त्याच्या सीटच्या पाठीवर टाकला आणि गाडी सरळ उलटी सोडली. एका दमात. वळण आलं, घेतलं. आरशांना आरसे लागता लागता राहिले, पण लागले नाहीत. खाली दोन गाड्यांमध्ये एक सांद होती. त्यात तिने गाडी नेऊन अशी बसवली की ट्रकवाल्याने जाता जाता सलाम ठोकला.

पावसाची भुरभुर काचेवर सुरू झाली होती.

"हे... कुठे शिकलीस?"

"वडिलांच्या टेम्पोवर. आठ वर्षं."

"आठ —" त्याचा आ वासलेलाच राहिला. "मग अकरा आठवडे माझा क्लच का जाळलास?"

आता सांगावं तर लाज, न सांगावं तर पेच. ती उलटी त्याच्यावरच धावली. "ते सोडा! तिला आठ तासांत पार्किंग, आणि मला नुसता सरळ रस्ता! माझी मुदत शनिवारी संपते, माहीत आहे ना? नोकरी जाईल माझी! तिच्यासोबत हसायला वेळ आहे, माझे वीस तास पुरे करायला नाही!"

त्याने समोरच्या कप्प्यातून वही काढून तिच्या मांडीवर ठेवली. भाषा तिला अर्धी कळायची, पण आकडे तर सगळीकडे सारखेच. एक्केचाळीस.

"वीस तास कधीच झाले," तो पुटपुटला. "सहा आठवडे झाले. परीक्षेची तारीखही तेव्हाच घेऊन ठेवली. या शुक्रवारची. तुझं काम जाऊ देणार नव्हतो मी, देवाशपथ. फक्त... सांगवेना."

"का?"

"शुक्रवारी सांगतो."

"आत्ता सांगा!"

"आत्ता तू रागात आहेस आणि चावी तुझ्या हातात आहे."

तिला हसू येत होतं, पण ती हसली नाही. ती पांढऱ्या शर्टवाली अजून डोळ्यांसमोरून हलत नव्हती.

शुक्रवारी तो तिला लायसन्स ऑफिसला घेऊन आला, आणि रांगेत पहिली दिसली ती तीच! आखूड केस, सगळे दात. "हाय! तूच ना ती बुधवार-रविवारवाली?" म्हणत ती जवळ आली. "माझी आज परीक्षा. तुझीही?" गोड होती मेली. गोड नसती तर किती सोपं झालं असतं.

काउंटरवरच्या बाईंनी दोघींच्या वह्या एकदम मागितल्या. डॉक्टरची वही उघडून शिक्का मारला. हिची उघडली, शेवटच्या पानावर थांबल्या आणि वही परत सरकवली. "इथे शिकवणाऱ्याची सही नाही. सहीशिवाय परीक्षा नाही. पाच मिनिटांत खिडकी बंद होईल."

"काय लिहिलंय तिथे?" तिने विचारलं.

बाईंनी तिला समजेल असं सावकाश वाचलं, "'या व्यक्तीला आता गाडी चालवताना माझ्या सोबतीची गरज नाही.' त्याखाली सही."

शेजारी डॉक्टरची वही उघडीच होती. त्याच वाक्याखाली त्याची सही — मोठी, लफ्फेदार, एका झटक्यात केलेली. आणि हिच्या वहीत सहा आठवडे कोरी जागा.

तिने वळून पाहिलं. तो पेन हातात घेऊन उभा होता, लिफ्टच्या दारात बोट अडकल्यासारखा चेहरा करून. "रोज रात्री उघडून बसायचो," तो म्हणाला. "हात चालायचा नाही. मला वाटायचं, ही सही केली की तू... संपलं. तुला माझी गरज नाही, हे मीच लिहून द्यायचं?" त्याने श्वास घेतला. "माझं प्रेम आहे तुझ्यावर. झालं, बोललो. आता तू काय म्हणशील ते."

मागची रांग ऐकत होती. समजत कुणालाच नव्हतं, पण सगळे थांबले होते. समजत होतं ते एकट्या डॉक्टरला, आणि तिचं हसू किंचित फिकं पडलेलं हिने पाहिलं. म्हणजे शंका अगदीच खोटी नव्हती तर. पण आज त्या बाईचा राग येईना.

"सही करा," ती हळूच म्हणाली. "खिडकी बंद होईल."

"म्हणजे... गरज नाही?"

"मी टेम्पो चालवलाय हो. शेजारी माणूस लागतच नव्हतं मला कधी." त्याचा चेहरा उतरला तशी ती घाईने पुढे बोलली, "लागत नव्हतं, तरी चढावर रोज गाडी बंद पाडली मी. आता तरी कळतंय का काही?"

त्याने सही केली. अक्षर वेडंवाकडं आलं. बाईंनी शिक्का मारला.

पाऊण तासाने ती परीक्षेच्या गाडीतून उतरली. तो पायऱ्यांवर बसला होता. उठून उभा राहिला.

"पास?"

"पास. आता मी एकटी कुठेही जाऊ शकते. कायद्याने."

"हो," तो म्हणाला. "कुठेही."

"आणि मला एकटीला कुठेही जायचं नाहीये."

तो तिच्याकडे बघतच राहिला. मग ती खळी उमटली, त्या एकाच गालावर, आणि तिने त्याच्या हातातली लाल गाडीची चावी काढून घेतली.