पुष्पाबाईंच्या दुकानातलं पहिलं गिऱ्हाईक

पहिला घास तोंडात गेला आणि त्याचे डोळे भरून आले. नाकाचा शेंडा लाल झाला. त्यानं पाण्याचा ग्लास उचलला, एका दमात रिकामा केला आणि समोर उभ्या असलेल्या नीतूकडे बघत अगदी हळू म्हणाला,

“चटणीत मीठच नाही.”

नीतूच्या हातातलं ताट जरासं कललं. तिनं पटकन मागं वळून पाहिलं. आई चुलीपाशी होती, पाठ करून. ऐकलं नसावं.

“हळू बोला ना...”

“हळूच बोललो. याच्यापेक्षा हळू बोललो तर मलाच ऐकू येणार नाही.”

तिला हसू आलं, आणि हसू आलं म्हणून रागही आला.

तिरोड्यात स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर पुष्पाबाई रहांगडाले यांचं दुकान म्हणजे पत्र्याचं छप्पर, चार बाकडी आणि एक मोठी चूल. तांदळाच्या पिठाचा घट्ट गोळा पळसाच्या दोन पानांत थापायचा आणि निखाऱ्यांवर भाजायचा. पान काळं पडून कडेनं वाफ सुटली की पानरोटी तयार. तिच्यासोबत लाल चटणी. भाजलेल्या टमाट्यांची, लसणाची, कानातून धूर काढणारी. थंडीच्या दिवसांत लोक गोंदियाहून गाडीनं यायचे, घाम पुसत खायचे, आणि “पुष्पाबाई, आज मारूनच टाकलं तुम्ही,” असं म्हणत परत मागायचे.

पण गेल्या वर्षीच्या तापानं पुष्पाबाईंच्या जिभेची चव नेली होती. ताप उतरला, चव आलीच नाही. त्यांनी हे कुणालाही सांगितलं नव्हतं, पोटच्या पोरीलाही नाही. अजूनही त्या चटणीचा थेंब तळहातावर घेत, जिभेला लावत आणि मान हलवत. नीतूला मात्र कळलं होतं. एका सकाळी चहात चुकून साखरेऐवजी मीठ पडलं, आणि आई तो चहा शेवटच्या घोटापर्यंत शांतपणे प्यायली. नीतूनं गुपचूप कप विसळून ठेवला. नवऱ्यामागं एकटीनं उभं केलेलं दुकान, त्यावर मिळालेलं नाव, तेच तर आईजवळ होतं. ते तिच्यापासून कसं काढून घ्यायचं?

त्यामुळे चटणी कधी जमायची, कधी फसायची. ओळखीची माणसं गप्प बसायची. गिऱ्हाइकं खाऊन जाईपर्यंत बाकी घरच्यांनी चाखायचं नाही, हा आईचा जुना नेम. तो मोडून नीतूनं भांड्यात बोट घातलं असतं तर आईनं लगेच विचारलं असतं, काऊन?

आणि हा कोण कुठला पहिल्याच घासाला सांगून मोकळा झाला!

“रोज येता का तुम्ही इकडं?” तिनं विचारलं.

“रोज. बोदलकशाच्या तलावातली मासळी बाजारात उतरवतो. आमची सोसायटी आहे.” त्यानं आपले हात पुढं केले. “लिंबानं धुऊन आलो, वास नाही येणार. नीलेश उईके.”

“मग नीलेशभाऊ...”

“भाऊ नका म्हणू.” तो घाईनं म्हणाला, आणि मग स्वतःच लाजला. “म्हणजे... नुसतं नीलेश चालेल.”

नीतूनं त्याला दुकानाबाहेर, हातगाड्यांच्या आडोशाला नेऊन सगळं सांगितलं. का सांगितलं कोण जाणे. वर्षभर कुणालाच न सांगितलेली गोष्ट. तो ऐकत राहिला. डोळ्यांत अजून तिखटाचं पाणी होतं, त्यामुळे रडतोय की काय असं वाटत होतं.

“उद्यापासून पहिलं गिऱ्हाईक मी,” तो म्हणाला. “मीठ कमी असलं तर कान धरीन. तिखट जास्त झालं तर भुवई खाजवीन.”

“आणि बरोबर असली तर?”

“तर गुपचूप खाईन. तुमच्याकडे बघत.”

“माझ्याकडे कायले?”

“दुसरीकडे कुठं बघू? समोर तर तुम्हीच उभ्या राहता.”

असं ते सुरू झालं. सकाळी धुकं अजून रस्त्यावर लोळत असायचं, धानाच्या पोत्यांनी भरलेले ट्रॅक्टर धडधडत जायचे, आणि त्याची मोटारसायकल दुकानासमोर थांबायची. तो पहिल्या बाकड्यावर बसायचा. नीतू ताट ठेवायची आणि श्वास रोखून उभी राहायची. त्यानं कानाची पाळी धरली की ती ‘भांडं पुढं घेते’ म्हणत चटणीत मीठ सारायची. भुवई खाजवली की भाजलेलं टमाटं कुस्करून टाकायची. गिऱ्हाइकं परत वाढली. आई खूश होती. “हात बसला पाहा माहा पुन्हा,” असं स्वतःशीच म्हणायची. तिच्या नकळत नीतू हसायची, आणि ते हसू वळून नेमकं पहिल्या बाकड्याकडे जायचं.

हळूहळू ‘तुम्ही’चं ‘तू’ झालं. एक दिवस त्यानं अर्धी रोटी संपवली, तरी कान नाही, भुवई नाही.

“आज काहीच सांगितलं नाही,” पाणी ठेवताना ती कुजबुजली.

“चव घ्यायची राहिली.”

“अर्धी रोटी खाल्ली की!”

“खाल्ली. पण तू आज केस मोकळे सोडून आली...”

ती पाण्याचा जग घेऊन अशी वळली की अर्धं पाणी बिसरामकाकांच्या धोतरावर. बिसरामकाका जुने गिऱ्हाईक, रोजचे. त्यांनी धोतर झटकलं, नीतूकडे पाहिलं, नीलेशकडे पाहिलं आणि पुढची रोटी मागवली.

जे बिसरामकाकांना दिसलं ते पुष्पाबाईंना किती दिवस दिसणार नव्हतं? त्या सकाळी दुकान गच्च भरलं होतं. नीलेशनं कान धरला, आणि पुष्पाबाई हातात चिमटा घेऊन त्याच्यापुढं येऊन उभ्या राहिल्या.

“काऊन रे बाबू? रोज पाहून राहिली मी. कधी कान धरते, कधी भुवई उडवते. माह्या पोरीले इशारे करते?”

सगळ्या बाकड्यांवरच्या माना वळल्या. निखाऱ्यावर एक पान तडतडलं.

नीलेशनं नीतूकडे पाहिलं. एक वाक्य पुरे होतं — मावशी, तुमच्या चटणीत मीठ नाही, ते सांगत होतो. नीतूची मान अगदी किंचित हलली. नको... इतक्या लोकांत नको.

त्यानं हातातला घास ताटात ठेवला.

“हो मावशी. इशारे करतो.”

“लाज नाई वाटत?”

“वाटते. पण आवडते ती मले.”

कुणीतरी फिसकन हसलं. पुष्पाबाईंचा चेहरा चुलीसारखा तापला. “ऊठ. पुन्हा या बाकड्यावर दिसू नको.”

तो उठला. ताटातली अर्धी रोटी पानात नीट गुंडाळून घेतली, पुष्पाबाईंना नमस्कार केला आणि निघून गेला. नीतू खांबाला धरून उभी होती. तिच्या कानात एकच वाक्य घुमत होतं. आवडते ती मले. ते आईला वाचवायला म्हणाला... की खरंच?

पुढचे काही दिवस चटणीनं घात केला. एकदा नुसतं तिखट, एकदा खारट. गोंदियाहून आलेलं एक कुटुंब ताटं तशीच ठेवून उठलं. पुष्पाबाई त्या भरल्या ताटांकडे बघत राहिल्या. दुपारी दुकान आवरल्यावर मायलेकी पळसाची पानं पुसत बसल्या होत्या. नीतूच्या डोळ्यांतलं पाणी पानावर पडलं.

“आई, तुले चव येत नाही ना...?”

पुष्पाबाईंचा हात थांबला.

“कधीपासून माहीत तुले?”

“मिठाचा चहा पिली होतीस, तेव्हापासून.”

“मिठाचा होता?” पुष्पाबाई हसायला लागल्या, आणि हसता हसता पदर तोंडाला लावला. “मले वाटलं, कोणाले नाई कळलं. वाटलं, सांगितलं तर लोकं म्हणतील, बाई संपली.”

नीतू सरकून तिच्याजवळ बसली. मग कान आणि भुवईची सगळी गोष्ट सांगितली. पुष्पाबाईंनी पानं बाजूला ठेवली.

“म्हणजे त्या पोट्ट्याले माहीत होतं. आन् तरी चार लोकांत माह्या शिव्या खाल्ल्या?”

“हो.”

“खोटं बोलला मग मले. इशारे करतो म्हणे!”

“तेच तर...” नीतूनं मान खाली घातली. “किती खोटं आणि किती खरं, मले कुठं माहीत आहे?”

पुष्पाबाईंनी लेकीकडे नीट पाहिलं. ताप आला होता तेव्हा नीतू रात्रंदिवस उशाशी बसली होती, तेव्हाही तिचा चेहरा असा नव्हता.

“उईके ना तो? आपल्या जातीचा नाई. लोकं बोलतील.”

“बोलतील.”

“बोलू दे. तोंडात रोटी गेली की गप्प बसतात सारे.” त्या उठल्या, गाडीची चावी खुंटीवरून काढली आणि तिच्या मांडीवर टाकली. “जा, विचारून ये. आन् त्याले सांग, चाखायचं असंन तर चुलीपाशी येऊन बसून चाख. कान धरायची गरज नाई.”

बोदलकशाचा रस्ता कापणी झालेल्या धानाच्या बांध्यांतून जातो, मग साग आणि पळस सुरू होतात, आणि एकदम समोर पाणी येतं. डोंगरांच्या कुशीत पसरलेलं, निळं, शांत. नीतूनं गाडी तलावाच्या बांधावर लावली. नीलेश काठावर जाळं वाळत घालत होता. तिला पाहून त्याच्या हातातलं जाळं खाली पडलं.

“काय झालं? मावशी बऱ्या आहेत ना?”

“बरी आहे. तिले सारं सांगितलं मी. तुले चुलीपाशी बोलावलं आहे.”

त्यानं मोठा श्वास सोडला. “बरं झालं...”

“ते जाऊ दे.” नीतू एक पाऊल पुढं आली. “त्या दिवशी दुकानात जे बोलला... ते आईसाठी होतं का?”

त्यानं जाळं उचललं. उगाच त्यातलं एक गवताचं पातं काढलं. मग तेही टाकून दिलं.

“इशाऱ्याचं आईसाठी होतं.” त्यानं तिच्याकडे पाहिलं. “बाकीचं तुह्यासाठी. केव्हापासून सांगायचं होतं, मावशीनंच विचारलं म्हणून सुटलो. नाहीतर नुसता रोट्याच खात बसलो असतो.”

नीतूला बोलायचं होतं. वाटेत किती तरी वाक्यं तिनं मनात जुळवली होती. आता एकही सापडेना. वारा आला, पाण्यावर बारीक शिरशिरी उठली, आणि ती नुसतीच उभी राहिली, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत.

तेवढ्यात पाण्यावरून हाक आली. नीलेशचे वडील, दुधराम, डोंगीत उभे होते. हात डोळ्यांवर धरून काठाकडे बघत होते.

“नीलेश! कोण होय रे ते पोरगी?”

नीलेश गडबडला. “बाबा, हे... तिरोड्याची... दुकान आहे ना...”

“काय? ऐकू नाई येत!”

नीतूनं ओढणी सोडली. पुढं झाली, पार पाण्याच्या कडेला, चपलेत पाणी शिरेपर्यंत, आणि दोन्ही हात तोंडापाशी धरून ओरडली,

“मी नीतू! याच्यासाठी आली!”

आवाज पाण्यावरून गेला, पलीकडच्या डोंगराला लागला. नीलेश तिच्याकडे बघत राहिला. कानापर्यंत लाल. आणि या वेळी तिखटाचा त्यात काही दोष नव्हता.

डोंगीत दुधराम क्षणभर तसेच उभे राहिले. मग त्यांनी वल्हं पाण्यात घातलं आणि काठाकडे येता येता हाक दिली,

“मंग उभी काऊन ठेवली रे तिले? घरी ने. चाय मांडायले सांग, मी आलोच!”