रुमाल टाकलेली जागा

सुमेधा कॅन्टीनच्या रांगेत फोनवर मराठीत बोलत होती, म्हणून मोकळेपणानं बोलत होती. हैदराबादच्या त्या ऑफिसात तेलुगू सगळ्यांना कळायची, हिंदीही कळायची. मराठी कळणारं कुणी तिला आजवर भेटलं नव्हतं. ती बाबांना सांगत होती, की बिलिंगमध्ये कुणी आदर्श म्हणून आहे, त्यानं आज पुन्हा सगळे वर्कर अडवून ठेवले. असा हावरट माणूस तिनं पाहिला नव्हता. लग्नाच्या पंगतीत हा नक्की दोन पानांवर बसत असेल...

मागून शांत आवाज आला, "एकाच पानावर बसतो. वाढणारे पुन्हा पुन्हा येतात, त्याला मी काय करू?"

तिनं वळून पाहिलं. उंच, सावळा मुलगा, हातात रिकामं ताट, आणि हसू दाबायचा अगदी वाईट प्रयत्न चाललेला. गळ्यातल्या कार्डावर नाव होतं — आदर्श. फोनवर बाबा विचारत होते, काय झालं, काय झालं.

वर्कर म्हणजे माणसं नव्हेत. आपोआप होणारी कामं ज्यांच्यावर चालतात, ते कॉम्प्युटरमधले हात म्हणायचे. कंपनीनं असे दहाच हात ठेवले होते आणि ते तीन टीमना मिळून होते. सुमेधाची टीम छोट्या लॅबमधले रक्ताचे रिपोर्ट डॉक्टरांना पाठवायची, आदर्शची टीम हॉस्पिटलांची बिलं बनवायची, आणि मार्केटिंगवाले सणावाराचे मेसेज पाठवायचे. दहाही हात गुंतले की बाकीची कामं रांगेत. बिल बनायला वेळ लागे. रिपोर्ट चटकन जाई, पण आधी हात तर मोकळा हवा. तोवर डॉक्टरांच्या दारात माणसं ताटकळत बसलेली.

त्या महिन्यात रिपोर्ट दोनदा उशिरा गेले होते. सुमेधाच्या मॅनेजर मॅडमनी सांगून टाकलं होतं, की आणखी एकदा असं झालं तर हे काम पुण्याच्या ऑफिसला जाईल आणि कामासोबत तीही. इथल्या तारनाक्याच्या घरात मग बाबा एकटे राहिले असते. आई जाऊन वर्ष झालं होतं. बाल्कनीतल्या तिच्या खुर्चीवर बाबांनी तिची शाल घडी करून ठेवली होती, आणि तिथं ते कुणाला बसू देत नसत. आलेल्या माणसाला ते आतून स्टूल आणून देत.

मॅडम म्हणाल्या, तुम्ही दोघंच बसा आणि कुणी किती वर्कर वापरायचे ते ठरवा. म्हणून रोज दुपारच्या चहाला सुमेधा आणि आदर्श समोरासमोर बसू लागले, आणि रोज भांडून उठू लागले.

आधी त्यांनी चार वर्कर फक्त रिपोर्टसाठी राखून ठेवले. मग दुपारी रिपोर्ट नसत, ते चार रिकामे बसत आणि बिलं तुंबत.

"सिटी बससारखं झालंय," आदर्श म्हणाला. "पुढं बायकांच्या सीट रिकाम्या आणि मागं माणसं दारात लटकलेली."

"लटका की मग. सवय असेल तुम्हाला."

"हौ, आहे. पण बिलांना नाही."

मग ठरलं, रिकामा वर्कर दुसऱ्यानं उसना घ्यायचा. पण एकदा बिलाला लागलेला वर्कर ते बिल संपेपर्यंत परत येईना, आणि उरलेल्यांवर मार्केटिंगवाले टपलेले. सुमेधाच्या डोक्याला नुसता ताप झाला. घरी येऊन ती बाबांना सगळं सांगे. तो कसा चहात बिस्किट बुडवून विसरतो, 'नक्को' कसा म्हणतो, मराठी बोलतो झकास पण वाचताना कसा अडखळतो. बाबा, म्हणजे तातेराव, रेल्वेतून निवृत्त झालेले. ते ऐकून घेत आणि चष्मा पुसत.

एकदा म्हणाले, "आधी तू कामावर चिडायचीस. आता त्या पोरावरच चिडतेस."

"मग काय करू?"

"चीड बाई. तुझी आई पण माझ्यावर अशीच चिडायची. आता या घरात माझ्यावर कुणी चिडत नाही."



दुसऱ्या दिवशी तिला स्क्रीनवर दिसलं, की चार वर्कर गुंतलेले आहेत आणि करत काहीच नाहीत. कामाचं नाव होतं 'रुमाल'. लावणारा आदर्श. ती तडक त्याच्या टेबलापाशी गेली. त्यानं कान पकडले, पुन्हा नाही करणार असा शब्द दिला. तो जुन्या बसस्टँडजवळ, गौलीगुड्यात वाढलेला. तिथं बस थांबायच्या आत खिडकीतून सीटवर रुमाल टाकायचा, हे त्याला चालता येऊ लागल्यापासून ठाऊक. बिलं यायच्या आधी जागा धरायला त्यानं ही पोकळ कामं लावली होती.

"कैकू? माणसं रिपोर्टसाठी थांबलीत, आणि तुझे रुमाल बसलेत आरामात," ती म्हणाली. आपण 'तुझे' म्हणालो हे तिच्या मग लक्षात आलं. त्याच्या मात्र लगेच आलं होतं.

महिन्याचा शेवटचा दिवस उजाडला. बिलांचा सगळ्यात मोठा दिवस, त्यात मार्केटिंगचे सणाचे मेसेज. रिपोर्टची वेळ झाली आणि सुमेधानं पाहिलं — दहाही वर्कर गुंतलेले, त्यातले चार पुन्हा 'रुमाल'. तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. शब्द देऊन यानं पुन्हा हेच केलं? ती उठणार, तोच तिचा पहिला रिपोर्ट आला आणि एक रुमाल आपोआप उठला. त्या जागी रिपोर्ट बसला. दुसरा आला, दुसरा रुमाल उठला. रांगेत थांबावंच लागलं नाही. सगळे रिपोर्ट वेळेत गेले.

बिलिंगमध्ये जाऊन बघते तर आदर्शच्या बिलांची रांग दारापर्यंत म्हणावी इतकी लांब, आणि तो आपल्या साहेबांच्या केबिनमध्ये मान खाली घालून उभा. तो बाहेर आला, तशी ती त्याच्यावर तुटून पडली.

"कुणी सांगितलं होतं तुला?"

"कुणी नाही."

"तुझी बिलं अडकली. बोलणी खाल्लीस. मला आधी विचारायचंस ना. माझ्यासाठी जागा धरायची, तर मला विचारून धरायची."

तो हळूच म्हणाला, "बरं. विचारतो मग. तू पुण्याला जाऊ नयेस असं मला वाटतं... रिपोर्टचं म्हणत नाही मी. आयुष्यभर तुझी बोलणी खायला तयार आहे. चालेल?"

"किती उशीर," ती वैतागून म्हणाली, आणि डोळे पुसले. "बाबांना भेटायला ये. आजच. आणि चहात बिस्किट बुडवू नकोस."

संध्याकाळी कंपनीच्या बसमध्ये तिनं शेजारच्या सीटवर ओढणी टाकून ठेवली. कुणी बसायला आलं की सांगे, आनेवाले हैं. आदर्श रोज तिच्या आधी, नारायणगुड्याच्या स्टॉपला उतरायचा. त्या दिवशी उतरला नाही.

तातेरावांनी दार उघडलं. आदर्शला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि बाल्कनीत नेलं. सुमेधा सवयीनं आतून स्टूल आणायला वळली.

"राहू दे," बाबा म्हणाले.

त्यांनी खुर्चीवरची शाल उचलली, झटकली, आपल्या खांद्यावर टाकली.

"बस इथं, पोरा," ते म्हणाले. "जागा रिकामीच आहे."