न उघडलेले शिनाणे

"फाड ती पाटी, साक्षी," तिचा मित्र सिद्धेश म्हणाला. "मी न्हाई बघितलं म्हणून सांगतो."

साक्षीने हात पुढे केला आणि मागे घेतला. आईच्या खानावळीच्या शटरवर गाळामालक विलासकाकांनी सकाळीच कागद डकवला होता : 'रविवारपर्यंत गाळा रिकामा करावा.' कारखान्यांच्या कुरुळी गावात राहणारे तीन कामगार पोट धरून दवाखान्यात गेले होते. शिनाणे खाल्ले, एवढंच ते म्हणाले आणि साऱ्या गावाने बोट दाखवलं ते कस्तुराबाईंकडे, म्हणजे साक्षीच्या आईकडे.

"मी फाडणार नाही. त्यांनीच काढायची, स्वतःच्या हाताने," साक्षी म्हणाली.

शिनाणे म्हणजे हिरवट-काळे शिंपले. रत्नागिरीकडे साक्षीची इंदुमावशी खाडीत बांबूच्या तराफ्याला दोर सोडून ते वाढवते आणि मे महिन्यात बर्फात घालून कुरुळीला पाठवते.

तेवढ्यात विलासकाका आलेच. "खाडीतली घाण खाऊ घालता लोकांना!"

"घाण कसली, काका? मावशी आधी पाणी तपासून घेते. शिनाण्यांना ना खाद्य लागतं, ना औषध, ना जमीन. खाडीच्या पाण्यातलंच गाळून खातात. ज्यांना मटण परवडत नाही, त्यांना लोह आणि प्रथिनं त्यातूनच मिळतात. तुम्ही एकदा तरी चाखलेत?"

"लहान तोंडी मोठा घास घेऊ नकोस," म्हणून काका निघून गेले. साक्षीला इतका राग आला की डोळ्यांत पाणीच उभं राहिलं.

त्या दोघांची लातूरकडची मैत्रीण करिष्मा शटरपाशी कागद वाचत होती. "त्या तिघांनी खाल्लं कुठं, ते कुणी इचारलं का?"

कुणीच विचारलं नव्हतं! साक्षी, सिद्धेश आणि करिष्माने सायकली दवाखान्याकडे पळवल्या. सलाइन लावलेला एक कामगार म्हणाला, "कस्तुरामावशीकडं रांग होती गं. आम्ही प्रीतमच्या हॉटेलात खाल्लं."

प्रीतम हा विलासकाकांचा पुतण्या. कंपनी सोडून त्याने नाक्यावर हॉटेल टाकलं होतं, आणि शिनाणे तोही इंदुमावशीकडूनच मागवायचा.

"माल एकच, मग त्याचाच बाधला कसा?" साक्षी पुटपुटली.

ती तिघं प्रीतमच्या हॉटेलमागे गेली, तिथे रिकाम्या शिंपल्यांचा ढीग होता. करिष्माने एक उचलला. कडेला टवका उडालेला, आत ओरखडा. तिचे वडील फिटर, त्यामुळे खूण ओळखायला तिला वेळ लागला नाही. "ह्यो स्क्रू ड्रायव्हरचा घाव हाय."

साक्षी एकदम सरळ उभी राहिली. "सिद्धेश, विलासकाकांना घेऊन ये. घाण कुठली ते दाखवतो म्हणावं."

काका कुरकुरत आले आणि हॉटेलातल्या पार्टिशनमागे बसले. साक्षी थेट भटारखान्यात शिरली.

"प्रीतमदादा, आईचे रोज दहा-बारा शिनाणे उघडतच नाहीत, टाकावे लागतात. तुझे कसे सगळे उघडतात?"

प्रीतम खुलला. त्याने खिशातून स्क्रू ड्रायव्हर काढला. "सात वर्षं कंपनीत लाइनवर होतो. एक पार्ट रिजेक्ट झाला तरी साहेब फैलावर घ्यायचे. इथंही झिरो रिजेक्शन! उकळून बंद राहिला की हा घालायचा, की उघडलाच."

"दादा, उकळूनही जो उघडत नाही तो आधीच मेलेला असू शकतो. त्यानंच पोट बिघडतं. तो टाकायचाच असतो."

प्रीतमचा चेहरा उतरला. "मला वाटलं, अन्न वाया जाऊ नये..."

पार्टिशनमागून विलासकाका बाहेर आले. सगळं त्यांनी ऐकलं होतं.

"काका, पाटी," साक्षी म्हणाली.

खानावळीपुढे जेवायला आलेल्यांची रांग लागली होती. त्या सगळ्यांसमोर काकांनी कागद उपटला. "कस्तुराबाई, चूक आमच्या घरची होती. न विचारता तुमच्यावर घातली. गाळा तुमचाच. पोरांनी डोळे उघडले आमचे."

"आमच्या साक्षीक कोण गप करणार?" कस्तुराबाई म्हणाल्या आणि तिघांच्या पाठीवरून हात फिरवला. "पण प्रीतम, आधी दवाखान्यात जाऊन त्या पोरांची माफी माग. मग इकडे ये, मी शिकवते."

संध्याकाळी प्रीतम त्यांच्या कढईपाशी उभा होता. वाफेत शिनाणे पटापट उघडले. एक राहिला बंद. प्रीतमचा हात सवयीने खिशाकडे गेला. साक्षीने तळहात पुढे केला, तसा त्याने मुकाट्याने स्क्रू ड्रायव्हर तिच्या हातावर ठेवला आणि बंद शिनाणा चिमट्याने उचलून बादलीत टाकला.

"एक रिजेक्ट," विलासकाका ताटावरून म्हणाले. "पोरी, मला अजून वाढ."