एव्हारिस्तोची वेळ

"विचारलंसच कशाला त्याला?" ओब्दुलिया कडाडली. "मेलेल्या माणसाची परवानगी मागतात होय रे, मेल्या? विचारलं की नाहीच म्हणणार तो. जिवंतपणी कधी हो म्हणाला होता?"

तिचा धाकटा दीर फेर्मिन पाण्याचा पेला हातात धरून दारातच थबकला. "हळू बोला, वहिनी... ऐकू जातं त्याला. दर सोमवारी भावाच्या फोटोपुढे पाणी ठेवतो मी. आज ठेवायला गेलो तेव्हा म्हटलं, नेरेदाशी बोलणार आहेत वहिनी, तुझी हरकत नाही ना? रीत म्हणून विचारलं हो!"

"मग? काय फर्मावलं साहेबांनी?"

फेर्मिनने हनुवटीनेच लॅपटॉपकडे खूण केली. कोपऱ्यातली तारीख अकरा वर्षांपूर्वीची होती. लेक नेरेदा घर सोडून गेली त्या दिवसाची.

सिएनफ्वेगोस शहराची दुपार बाहेर रटरटत होती. झडपा लावलेल्या, त्यामुळे खोलीत उजेडाच्या नुसत्या रेघा. पोरगी देश सोडून गेली तेव्हा बापाने, एव्हारिस्तोने, "ही मला मेली" म्हणून टाकलं आणि घरात तिचं नाव बंद केलं. तो जाऊन तीन वर्षं झाली. आज नेरेदा परदेशी, मोन्तेविदेओच्या इस्पितळात पडून होती, उद्या डॉक्टर तिचं हृदय उघडणार होते. तिच्या मैत्रिणीकडून निरोप आला होता : भूल उतरल्यावर मी जागी होईन की नाही, देवाला ठाऊक. एकदा आईचं तोंड दिसू दे.

घरचा फोन गेल्या चक्रीवादळापासून मुका. वाट एकच. गच्चीवरची अँटेना सार्वजनिक बागेतलं वायफाय ओढायची, तिची केबल खाली नेटवर्कच्या डब्यात, आणि डब्यातून घरातल्या तिन्ही संगणकांना. पण संगणकाची तारीख चुकली की पलीकडचं, व्हिडिओ-कॉलचं दार उघडत नाही. खोटे कागद घेऊन आलेल्या माणसासारखं ते त्याला बाहेरच उभं करतं. सकाळपासून ओब्दुलिया त्या दारावर डोकं आपटत होती.

आधी तिला वाटलं, आतली बटणाएवढी बॅटरी मेली असेल. ती बदलली. तारीख बरोबर लावली, कॉफी गाळून आली, तोवर पुन्हा मागे. मग तिला आठवण झाली ती नवऱ्याच्या हट्टाची. या घराला वेळ बाहेरच्याने सांगायची नाही, असा त्याचा कायदा. बाकीचे दोन्ही संगणक मागच्या खोलीतल्या त्याच्या यंत्राला वेळ विचारायचे आणि ते सांगेल ती मानायचे. ओब्दुलियाने तो कायदा मोडला. लॅपटॉपला बजावलं, यापुढे बाहेर विचार. तरी तारीख मागे. शेवटी तिने त्या यंत्राचा प्लगच उपटला.

आता तिने लॅपटॉपकडून काढून घेतलं, ही वेळ तुला दिली कोणी?

उत्तर आलं : मागच्या खोलीने.

"वहिनी, प्लग काढलाय म्हणालात ना...?"

"ही काय वायर. माझ्या खांद्यावर आहे."

मग ओब्दुलिया उठली आणि मागच्या खोलीचं दार तिने पायाने ढकललं.

एव्हारिस्तो इथे रेडिओ दुरुस्त करत बसायचा. खोलीत राळ जळल्याचा वास होता. शिळा नव्हता तो. तारेला सोल्डरचा डाग देऊन कोणी नुकतंच उठलं असावं, असा. यंत्राचा पडदा काळा होता. तिने पाठीवर हात ठेवला तर पाठ गरम, तापाने फणफणलेल्या माणसासारखी.

तिने नेटवर्कची केबलही ओढून काढली. "हं, आता बोल!"

रिकाम्या खुर्चीतून कोणीतरी घसा खाकरला.

"वहिनी... माफी मागा त्याची," दाराबाहेरून फेर्मिन कुजबुजला. "मी पाणी ठेवतो ताजं..."

"मोरीत ओत ते पाणी! तीन वर्षं तूच त्याला पाजून पाजून इथे बसवून ठेवलायस."

ती बाहेर आली. नेटवर्कच्या डब्यातून अँटेनाची केबल तिने उपटली आणि थेट लॅपटॉपमध्ये खुपसली. आता मध्ये घर नाही, डबा नाही. तारीख पुन्हा हाताने लावली आणि श्वासही न घेता कळ दाबली.

घंटी वाजली. पडद्यावर पलीकडचं दार उघडलं.

"आई!" डोक्याला इस्पितळाची टोपी, गाल बसलेले, पण हसू तेच. "किती वाळलीस गं तू!"

"माझं राहू दे. तू जेवलीस का?"

"उपाशी ठेवलंय मेल्यांनी उद्यासाठी. तुझ्या काळ्या घेवड्याची स्वप्नं पडतायत."

"घरी ये. पातेलंभर करते. येणार आहेस तू, ऐकलंस? शिकलेले असतील तुझे डॉक्टर, पण त्यांना सांग, आईने हुकूम केलाय."

नेरेदा हसली, आणि हसता हसता तिचं चित्र थरथरलं. ओब्दुलियाची नजर कोपऱ्यात गेली. तारीख सरकत होती. एकेक महिना मागे, मग एकेक वर्ष. राळेचा वास आता याच खोलीत होता. तिच्या मानेपाशी. दारातल्या फेर्मिनने डोळे गच्च मिटून छातीवर क्रूस काढला.

पडद्यावर नेरेदाचं हसू विरलं. ती आईकडे बघत नव्हती. आईच्या खांद्यावरून मागे बघत होती.

"आई... पप्पा गेले, असं कळवलं होतंस ना तू मला?"

तारीख येऊन थांबली. त्याच दिवसावर. ओब्दुलियाने मान वळवली नाही. लेकीच्या चेहऱ्यावरची नजर न काढता, फेर्मिनला आजवर कधी ऐकू आला नव्हता अशा शांत आवाजात ती एकच वाक्य बोलली, आणि नवऱ्याशी अकरा वर्षं चाललेला तो वाद तिथेच मिटला.

"तारीख हवी तेवढी मागे ने, एव्हारिस्तो, त्या दिवशीही मी माझ्या पोरीच्याच बाजूला होते."